हजेरी शेवटच्या क्षणाचीच का घेता?

ऑनलाइन खेळांतल्या सामूहिक अचिव्हमेंट, म्हणजे पराक्रमाच्या नोंदी, आणि त्यांची बक्षिसं ठरवणाऱ्या डिझायनर मंडळींना,

स. न. वि. वि.

मी चिपळूणचा. दिवसा बांधकाम साहित्याचं दुकान सांभाळतो, रात्री ऑनलाइन खेळात हीलर असतो, म्हणजे लढाईत सोबत्यांचा जीव भरून काढणारा. गेली नऊ वर्षं युरोपच्या सर्व्हरवर एकाच गिल्डमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या एकाच मंडळात, खेळतोय. खेळ कोणता ते मुद्दाम लिहीत नाही, कारण हे पत्र एका कंपनीला नाही. संघाच्या यशाचं बक्षीस फक्त शेवटच्या क्षणी आत असलेल्यालाच मिळतं, ही गोष्ट मला खटकते आणि ती तुम्हा बहुतेकांच्या खेळांत थोड्याफार फरकाने आहेच.

आमची रेड, म्हणजे सगळ्यांनी मिळून केलेली चढाई, तिकडच्या संध्याकाळी आठला सुरू होते. म्हणजे इथे रात्री साडेअकराला, आणि ऑक्टोबरअखेर त्यांनी घड्याळं मागे घेतली की साडेबाराला. बायको याला ‘पाळी बदलली’ म्हणते. तीन तास खेळायचं, तीन-चारला झोपायचं, नऊला शटर वर. आमचा रेड लीडर हॅम्बुर्गचा, बेकरीत कामाला. त्याला पहाटे चारला भट्टीवर हजर व्हायचं असतं, त्यामुळे तिकडचे अकरा वाजले की तो एक मिनिट जास्त थांबत नाही. अशी ही मंडळी. यातल्या एकालाही मी प्रत्यक्ष भेटलेलो नाही, पण कोणाचा मुलगा कितवीत आहे हे मला माहीत आहे.

गेल्या वर्षी जुलैत आम्ही हंगामातल्या शेवटच्या बॉसवर, म्हणजे सर्वांत मोठ्या शत्रूवर, अडकलो होतो. अकरा आठवडे, आठवड्याला दोन रात्री. लॉगमध्ये ३८६ प्रयत्न जमा झाले होते. बॉस तिसऱ्या टप्प्यात गेला की सगळ्यांवर एकदम मार पडतो, तिथे कोणत्या हीलरने कधी कोणता स्पेल टाकायचा याचं वेळापत्रक मी केलं होतं. सात वेळा बदललं, आठव्यांदा बसलं. मग एका बुधवारी बॉस चौदा टक्क्यांवर आला, म्हणजे त्याचा तेवढाच जीव उरला. त्या आधी आम्ही एकविसाच्या खाली कधी गेलो नव्हतो. सगळे गप्प. सगळ्यांना कळलं होतं की आज होणार.

रात्री एक वाजून दहा मिनिटांनी कोपऱ्यावरची डीपी उडाली. पाऊस कोकणातला, त्याला दोष देऊन उपयोग नाही. यूपीएसने दीड मिनिट केकाटून मान टाकली. मी मोबाइलवरून कळवलं, माझ्यासाठी थांबू नका. बेंचवर, राखीव म्हणून, एक पोलिश पोरगा बसला होता, गिल्डमध्ये येऊन त्याला दोन आठवडे झालेले. त्याला आत घेतलं, माझं वेळापत्रक त्याच्यापुढे ठेवलं. चौथ्या प्रयत्नात बॉस पडला. मी अंधारात, कानाला मोबाइल लावून, त्यांचं ओरडणं ऐकलं. मीही ओरडलो असतो, पण शेजारच्या खोलीत आई झोपली होती.

आत असलेल्या प्रत्येकाला अचिव्हमेंट मिळाली, नावापुढे लावायला टायटल मिळालं. पोलिश पोरालाही. त्याने दुसऱ्या दिवशी मला लिहिलं की हे खरं तर तुझं आहे. मी त्याला म्हटलं, नाही बाबा, चारही प्रयत्नांत तू एकदाही चुकला नाहीस, ते तुझंच आहे. पण ते माझंही होतं. तुमच्या सर्व्हरच्या लेखी मात्र त्या अकरा आठवड्यांत मी काहीच केलं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, पुढच्या आठवड्यात परत पाडायचा. बॉस एकदा पडला की गिल्ड कशी होते हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. निम्मे सुट्टीवर जातात, चार जण दुसरा खेळ धरतात, बेकरीवाल्याची बायको त्याला तीन महिन्यांचं उधार फेडायला लावते. पुन्हा तसा संघ जमेपर्यंत हंगाम संपला आणि टायटल बंद झालं. झालं ते एवढंच. रडगाणं इथे संपवतो.

कारण उलट बाजूही सांगायला हवी. चार-पाच वर्षांपूर्वी याच गिल्डमध्ये असाच एक कठीण बॉस पडला, तेव्हा मी लढाईच्या दुसऱ्या मिनिटाला आगीत उभा राहून मेलो होतो. उरलेली नऊ मिनिटं जमिनीवर आडवा पडून बघत होतो. बॉस पडला, मला अचिव्हमेंट मिळाली, वर स्वारीला एक प्राणीही मिळाला. आजही त्यावर बसून बाजारात फिरतो. नवखी पोरं थांबून बघतात. मेलेला मी आत होतो म्हणून पात्र, जिवंत मी बाहेर होतो म्हणून अपात्र. तुमची हजेरी फक्त शेवटच्या क्षणाची असते. बॉस पडला त्या क्षणी दाराच्या आत कोण होतं, एवढंच ती विचारते.

आमच्याकडे दहीहंडी असते. तुम्हाला छायाचित्रं माहीत असतील, माणसांवर माणसं. २०१२ मध्ये ठाण्यात जोगेश्वरीच्या जय जवान गोविंदा पथकाने नऊ थर लावले, ४३.७९ फूट, आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. हंडी फोडतं ते सर्वांत वरचं पोरगं, वजनाला हलकं, बहुतेकदा पथकातलं सर्वांत लहान. पण बक्षीस पथकाचं असतं. तळाच्या थरात खांद्याला खांदा लावून जे उभे असतात त्यांना हंडी दिसतही नाही, त्यांची मान खाली असते. आणि बाहेरच्या कड्यात आधाराला हात देणारे, थर कोसळला तर वरून येणाऱ्याला झेलणारे, त्यांच्या तर खांद्यावर कोणी चढलेलंही नसतं. तरी संध्याकाळी टेम्पोतून परतताना त्यांना कोणी ‘तू कुठे होतास’ असं विचारत नाही. पावसापाण्यात महिना-दोन महिने सरावाला कोण येत होतं हे पथकाला ठाऊक असतं.

त्याहून मला आवडते ती सलामीची पद्धत. मंडळाच्या चौकात पथक येतं, सात थर लावतं, वरचा हात उंचावतो, आणि थर सुखरूप उतरतात. हंडी फुटलेली नसते. तरी जितके थर, त्या हिशेबाने सलामीचं बक्षीस मिळतं. हंडी कोणी दुसरंच पथक फोडेल, तो भाग वेगळा. तुमच्या खेळांत सलामी नाही. बॉस एक टक्क्यावर असताना संघ कोसळला काय आणि नव्वदवर कोसळला काय, सर्व्हरला दोन्ही सारखेच.

क्रिकेटचं उदाहरण दिल्याशिवाय भारतीय माणसाचं पत्र पुरं होत नाही. जून २०२४ मध्ये भारताने टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला आणि बीसीसीआयने १२५ कोटींचं बक्षीस जाहीर केलं. ते वाटलं कसं याच्या बातम्या आल्या, तेव्हा पंधराच्या पंधरा खेळाडूंना पाच-पाच कोटी होते. त्यात संजू सॅमसन, युझवेंद्र चहल आणि आमच्या मुंबईकडून खेळणारा यशस्वी जयस्वाल होते, ज्यांना स्पर्धेत एकही सामना खेळायला मिळाला नाही. कोणी हरकत घेतल्याचं मला आठवत नाही. नेटमध्ये चहलला खेळून खेळून बाकीच्यांची तयारी झाली, हे इथे रिक्षावाल्यालाही समजतं. ऑलिंपिकमध्ये पोहण्याच्या रिलेत प्राथमिक फेरीत पोहलेल्याला, अंतिम फेरीत तो बाहेर बसला तरी, पदक मिळतं. तुमचा उद्योग मात्र अजून शेवटच्या चेंडूला मैदानावर कोण होतं तेच मोजतोय. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या खेळातली मिथिक, म्हणजे सर्वांत कठीण पातळीची, रेड २०१४ मध्ये आली ती वीस जणांच्याच मापाने. माणसं आहेत, आजारी पडतात, लग्नाला जातात. म्हणून गिल्डला चोवीस-पंचवीस जण बाळगावेच लागतात. म्हणजे बेंच तुमच्या नियमातूनच जन्माला आलेला आहे, आणि त्या बेंचची दखल तुमच्याच नियमात नाही.

आता कठीणपणाबद्दल. मला सोपं काही नकोय, गैरसमज नको. २००८ च्या नोव्हेंबरात त्याच खेळात पंचवीस जणांच्या नॅक्स्रामास या रेडमध्ये ‘द इम्मॉर्टल’ हे टायटल होतं. एकाच लॉकआउटमध्ये, म्हणजे एका आठवड्याच्या मुदतीत, पंधराच्या पंधरा बॉस पाडायचे, आणि कोणत्याही बॉसच्या लढाईत पंचविसांपैकी एकानेही मरायचं नाही. ऐकायला किती सुंदर आहे. सगळे जगा. यात कोणाचं डॅमेज किती, कोण पहिला, ही भानगडच नाही. गिल्डमधल्या सर्वांत कच्च्या खेळाडूला शिकवल्याशिवाय हे जमतच नाही. शिकवण्याला बक्षीस देणारी अचिव्हमेंट मी दुसरी फारशी पाहिलेली नाही.

पण तिच्या पोटात एक खोट होती, आणि ती थॅडियसपाशी उघडी पडायची. हा बॉस प्रत्येकावर धन किंवा ऋण भार टाकतो. धनवाल्यांनी एका बाजूला उभं राहायचं, ऋणवाल्यांनी दुसऱ्या. थोड्या थोड्या वेळाने भार बदलतात, मग ज्याचा बदलला त्याने लगेच पलीकडे पळायचं. चुकीच्या कळपात एक जण उभा राहिला तर तो स्वतः तर मरतोच, शेजारच्या चौघांनाही घेऊन जातो. हेगनकडे तसंच, जमीन पट्ट्यापट्ट्याने उसळते आणि सगळ्यांनी तालावर नाचत सुरक्षित पट्ट्यात राहायचं. पाय चुकला तर मेलात. ठीक आहे, ते कौशल्य. पण ज्याचा पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायचा वेळ, मिलिसेकंदांत) वीस आहे आणि ज्याचा दोनशे आहे, त्या दोघांच्या जमिनी एकाच वेळी उसळत नाहीत. इथून युरोपला सिग्नल जाऊन यायला जो वेळ लागतो तो समुद्राखालच्या तारांचा आहे, माझ्या बोटांचा नाही. तसल्या अचिव्हमेंटसाठी संघ निवडताना शहाणा लीडर काय करेल? खेळ बघण्याआधी पत्ता विचारेल. ‘तू कुठून खेळतोस?’ हा प्रश्न मला तीन गिल्डांनी विचारलेला आहे आणि त्यानंतर त्यांचं उत्तर आलेलं नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की अट कठीण ठेवा, पण मरण आणि कनेक्शन तुटणं यांत फरक करा. सर्व्हरला तो फरक कळतो. खेळाडूकडून काही सेकंद एकही संदेश आला नाही, म्हणजे तो चुकला नाही, तो नव्हताच. लगेच तुम्ही म्हणाल की लोक मरायची वेळ आली की केबल उपटतील. उपटतील, यात शंका नाही. मी स्वतःही मोहात पडेन. म्हणून तसं झालं तर यश देऊ नका, फक्त तेवढी एक लढाई रद्द धरा आणि पुन्हा खेळू द्या. एका केबलपायी चोवीस जणांचा आठवडा वाया घालवू नका. ज्याला फसवायचंय त्याला यातून काही मिळत नाही, आणि ज्याची डीपी उडाली त्याच्याकडे चोवीस जण डोळे वटारून बघत नाहीत. ते बघणं वाईट असतं हो. पडद्यावर डोळे दिसत नाहीत, पण शांतता ऐकू येते.

शिक्षेच्या वेळी मात्र तुम्हाला सगळे बरोबर दिसतात. २०१० च्या फेब्रुवारीत, पुन्हा ‘वॉरक्राफ्ट’मध्येच, एन्सिडिया गिल्डने पंचवीस जणांच्या रेडमध्ये लिच किंग या बॉसला जगात सर्वांत आधी पाडलं. त्यांच्यातला एक जण रोग होता, म्हणजे लपून वार करणारा (या क्लासचं नाव ऐकून आमची आई अजून दचकते), त्याने सॅरोनाइट बॉम्ब वापरले होते. त्या बॉम्बमुळे लढाईत कोसळणारा चौथऱ्याचा कडेचा भाग पुन्हा उभा राहत होता. तो खेळाडू म्हणाला, हे बॉम्ब मी नेहमीच वापरतो, माझ्या रोजच्या क्रमात आहेत. खेळ बनवणाऱ्या ब्लिझार्ड कंपनीने अचिव्हमेंट काढून घेतली, लूट काढून घेतली, आणि ७२ तासांची बंदी घातली. एकट्या रोगला नाही, रेडला. तो निर्णय बरोबर की चूक यावर आमच्या व्हॉइस चॅटवर आजही भांडण लागू शकतं. मला तो समजू शकतो, कारण फायदा सगळ्यांनी घेतला होता. पण मग तोच न्याय श्रमालाही लावा ना. एकाची चूक सगळ्यांची, तर एकाचे अकरा आठवडे कोणाचेच कसे नाहीत?

लूट वाटपाचं तर विचारूच नका. त्याच लिच किंगला सर्वांत कठीण पातळीवर पंचवीस जणांनी पाडलं की ‘इन्व्हिन्सिबल’ नावाचा उडता घोडा मिळायचा. एक. पंचवीस माणसं आणि एक घोडा. त्या घोड्यावरून गिल्डा फुटल्याच्या कहाण्या जुने खेळाडू अजून सांगतात, आणि मला त्या खोट्या वाटत नाहीत, आमच्याकडे बांधाच्या वीतभर जमिनीवरून काय होतं ते मी बघितलंय. याउलट ‘फायनल फँटसी फोर्टीन’ने ऑक्टोबर २०१७ मध्ये पहिली अल्टिमेट, म्हणजे सर्वांत कठीण पातळीची, लढाई आणली, आठ जणांची. ती जिंकणाऱ्या आठही जणांना शस्त्रासाठी प्रत्येकी एक टोकन आणि ‘द लेजंड’ हे टायटल. फासे नाहीत, भांडण नाही. शिवाय ती लढाई आजही खुली आहे. तुम्ही कितीही वरच्या लेव्हलला गेला असलात तरी आत शिरताना तुमची लेव्हल आणि सामान त्या काळच्या मापाला खाली आणलं जातं. म्हणजे बक्षिसाची किंमत टिकवायला त्यांनी तारीख वापरली नाही, लढाईच कठीण ठेवली. नॅक्स्रामासच्या वेळचे दोन ड्रेक (स्वारीचे ड्रॅगन) मात्र एप्रिल २००९ च्या पॅचनंतर बंद झाले, आणि त्याच्या पुढच्याच रेडचे दोन आजही मिळतात. यामागचा तर्क मला कोणी सांगितलेला नाही. तेव्हा जो दहावीत होता आणि ज्याच्या घरी डायल-अप होतं, त्याने काय कमी मेहनत केली असती?

विकत घेणाऱ्यांचा प्रश्नही याच हजेरीतून आलाय. शेवटच्या क्षणी आत असणं एवढीच अट असेल, तर तो क्षण विकता येतो. एकोणीस जण बॉस पाडतात, विसावा पैसे देऊन कोपऱ्यात मरून पडतो, आणि टायटल घेऊन बाहेर येतो. २०२२ च्या सुरुवातीला ब्लिझार्डने बूस्टिंगचा, म्हणजे असल्या विक्रीचा, धंदा चालवणाऱ्या मोठ्या संघटनांवर बंदी आणली, ते चांगलंच केलं, पण खेळातल्या सोन्याच्या बदल्यात एकट्यादुकट्या गिल्डने रेड विकणं चालूच राहिलं. बंदी घालून हे थांबेल असं मला वाटत नाही. दुकानदार आहे, गिऱ्हाईक असलं की माल येतोच.

त्यापेक्षा एक साधी गोष्ट करून बघा. टायटलच्या बाजूला आकडा छापा. हा खेळाडू या बॉसपुढे किती वेळा उभा राहिला, तो आकडा. २०१९ मध्ये मेथड गिल्डने ‘वॉरक्राफ्ट’च्या क्रूसिबल ऑफ स्टॉर्म्स या रेडमधल्या शेवटच्या बॉसला सातशेहून अधिक प्रयत्नांनंतर पाडलं. जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंना सातशे वेळा मरण्याची लाज वाटली नाही, तो आकडा लोक अजून कौतुकाने सांगतात. विकत घेणाऱ्याच्या टायटलपुढे ‘१’ येईल. अस्सल प्रतिभावंताच्या पुढेही कधी ‘१’ येईल, त्याला चालेल, त्याचे बाकीचे आकडे बोलतील. आणि ज्याचा आकडा ३८६ आहे, ज्याच्या संघाने त्याच हंगामात बॉस पाडला आहे, आणि जो संघाच्या निम्म्याहून अधिक प्रयत्नांत हजर होता, त्याला तो त्या रात्री कुठे होता हे न विचारता टायटल द्या. घोडा देऊ नका हवं तर. शेवटच्या फटक्याची म्हणून एक वेगळी खूण जे आत होते त्यांना द्या, पोलिश पोराला ती शोभेल. मला त्याची असूया नाही.

यावर तुमच्यातला कोणी म्हणेल की हा गिल्डचा अंतर्गत मामला आहे, आम्ही त्यात पडत नाही. आमचा बेकरीवाला एका शीटवर सगळ्यांची हजेरी ठेवतो. कोण आलं, कोण बेंचवर बसलं, कोणी कळवून दांडी मारली, कोणी न कळवता. लूट वाटताना तो ती शीट उघडतो, आणि नऊ वर्षांत त्यावरून एकही भांडण झालेलं नाही. हे तो पहाटे चारला भट्टीवर जाणारा माणूस फुकटात करतो. तुमच्या सर्व्हरवर तर प्रत्येक फटका, प्रत्येक मरण, प्रत्येक सेकंद नोंदलेला आहे.

मराठी पोरं आता हजारोंनी ‘बीजीएमआय’ या मोबाइलवरच्या खेळात चार-चारच्या स्क्वाडमध्ये खेळतात. दुकानात सिमेंट न्यायला येणारा एक मुलगा परवा सांगत होता की त्याच्या स्क्वाडमधले दोघं वरच्या रँकला चढले आणि दोघं मागे राहिले, आता ते चौघं एकत्र खेळत नाहीत. मी त्याला पाच गोणी मोजून दिल्या आणि काही बोललो नाही.

कळावे,

आपला,
चिपळूणचा एक हीलर

ता. क. रविवारी युरोपची घड्याळं मागे जातायत. बुधवारपासून रेड साडेबाराला, नवा बॉस. पोलिश पोरगा आता पक्का संघात आहे, वेळापत्रकं आम्ही दोघं मिळून करतो. यूपीएसची बॅटरी बदलून घेतली आहे.